जंतूंचा मुकादम

खोली भाड्याने देण्याआधी सरांनी मला गाव, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. अर्धवट उघडलेल्या दारातून त्यांनी एकच प्रश्न टाकला, "विरजण लावता येतं का?"

मी शिंदखेड्याचा. घरी म्हशी होत्या. "येतं," म्हणालो.

"दूध किती कोमट झाल्यावर टाकतोस?"

"बोट घालून बघायचं. चटका बसला नाही, की टाकायचं."

"म्हणजे स्वतःच्या बोटावरचे जंतूही फुकटात टाकतोस. उदार आहेस. ये आत."

अशी मला धुळ्यात, देवपुरात, डोक्यावर पत्रे असलेली वरची खोली मिळाली. सर खालच्या मजल्यावर राहत. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या त्यांच्या विधवा बहीण, अक्का, घर सांभाळत. आई लहानपणीच गेल्यामुळे सरांना अक्कांनीच वाढवलं होतं. त्यामुळे सगळ्या जगाला तुच्छ लेखणारे सर घरात शिरताना चपला मात्र सरळ काढून ठेवत.

मी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. खानदेशच्या उन्हाळ्यात गळ्यात टाय बांधून, जळगाव, धुळे आणि मधली सगळी तालुक्याची गावं एसटीने पालथी घालायची, आणि डॉक्टरांच्या दारात पेशंटांच्या मागे बसून राहायचं. नंबर लागला की पाठ केलेली तीन वाक्यं म्हणायची. आमच्या पिशवीतला मुख्य माल म्हणजे इन्शुलिन. ते 'अतिशय शुद्ध' असतं, हे त्या तीन वाक्यांतलं पहिलं वाक्य. कशापासून शुद्ध केलेलं, हे कंपनीने शिकवलं नव्हतं आणि डॉक्टर विचारत नव्हते.

"तुझ्या पिशवीत विज्ञान आहे आणि तोंडात जाहिरात," सर म्हणायचे. "एकदा चुकून उलटं कर. पिशवीत जाहिरात ठेव आणि तोंडाने विज्ञान बोल. नोकरी जाईल, पण झोप छान लागेल."

झोपेचं त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. माझा स्वभाव असा, की रस्त्यात दुसऱ्याला ठेच लागली तरी मी "सॉरी" म्हणतो. डॉक्टरने औषध लिहिलं नाही तर मला आपण कमी पडलो असं वाटे आणि लिहिलं तर डॉक्टरला फसवल्यासारखं वाटे. सरांनी पहिल्याच महिन्यात निदान केलं होतं, "तुझ्या शरीरात इन्शुलिन किती तयार होतं ठाऊक नाही, पण अपराधीपणा गरजेपेक्षा जास्त तयार होतो. निर्यात कर."

सरांना माणसांपेक्षा जंतू जवळचे होते. "ते वर्गात बोलत नाहीत, संघटना काढत नाहीत आणि माझ्याआधी निवृत्त होत नाहीत," हे त्यांचं कारण. वर्गात आल्यावर ते म्हणत, "कणा असलेल्या प्राण्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी हजेरी लावून निघावं." निम्मा वर्ग खरोखरच हजेरी लावून निघे.

एकदा अभ्यासक्रमात जनुकांच्या कापाजोडीवर अर्धं पान आलं. जिवाच्या पेशीत जी जन्माची आज्ञा लिहिलेली असते, तिच्यातला एक तुकडा काढून दुसऱ्याच जिवात बसवायचा, एवढाच मजकूर. बाकीचे प्राध्यापक ते अर्धं पान 'स्वतः वाचा' म्हणून उडवायचे. सरांनी त्यावर जवळजवळ सगळं सत्र घालवलं.

त्यासाठी ते बांगड्यांच्या दुकानात गेले. लग्न न झालेला प्राध्यापक बांगड्या घ्यायला आलेला पाहून कासार खुशीत आला. "माप आणलंय का, सर? कोणासाठी?"

"जंतूंसाठी," सर म्हणाले. "प्लास्टिकच्या द्या. काचेच्या कापता येत नाहीत."

ही बातमी त्याच संध्याकाळी देवपूरभर झाली. काहींनी तर मुलीचं गावही ठरवून टाकलं.

वर्गात सरांनी एक हिरवी बांगडी वर धरली. "जंतूच्या पोटात आज्ञेचं असं एक कडं असतं. हे मी कापतो." तापवलेल्या ब्लेडने त्यांनी बांगडी कापली. मग लाल बांगडीचा एक तुकडा घेतला. "ही माणसातली आज्ञा, इन्शुलिन बनवण्याची. ही मध्ये बसवतो आणि कडं पुन्हा जोडतो." प्लास्टिक जळाल्याचा वास वर्गभर झाला. "आता हे कडं जंतूच्या पोटात परत. त्याला काहीच कळत नाही. तो आपला खातोय, वाढतोय, एकाचे दोन होतोय, आणि माणसाचं इन्शुलिन बनवतोय. त्याला वाटतं, हे आपलंच काम आहे. हसू नका. युनिव्हर्सिटीत आम्हालाही असंच वाटतं."

परीक्षेत त्या अर्ध्या पानावर एकही प्रश्न आला नाही. राहिलेल्या धड्यांवर मात्र सगळे आले. मुलं आपटली. मग विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्याने, आपल्याकडे नामर्द ठरवायच्या माणसाला करतात तसा, सरांना भर वर्गात बांगड्यांचा आहेर केला. घोषणा देत पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर उपडं केलं. सरांनी चष्मा वर केला, एक बांगडी उचलून बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "गाढवा, पुन्हा काचेच्याच आणल्यास? वर्षभर मी काय शिकवलं?"

कॉलेजच्या शिपायाने हे अक्कांना सांगितलं आणि अक्कांनी मला. सांगताना त्यांना हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तो पुढारी प्लास्टिकच्या बांगड्या घेऊन घरी आला म्हणे, आणि सरांनी त्याला अक्कांच्या हातचं ताक पाजून परत पाठवलं. हा भाग खरा असावा, कारण पुढे तोच पोरगा सरांच्या ओटीवर शिकायला यायला लागला.

"मी प्राध्यापक नाही रे," सर त्याला सांगत. "मी मुकादम. एक दिवस जंतूंच्या टोळ्या मोठमोठ्या पिंपात कामाला लागतील. लशी बनवतील, औषधं बनवतील. मजुरी नाही, दिवाळी नाही, संप नाही. माणसाला शेवटी असा मजूर मिळाला, ज्याला तो छळू शकत नाही."

आता अक्कांबद्दल. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. चूल, म्हणजे गॅस, पेटवण्याआधी त्या ओट्यावर फुंकर घालून मुंग्या बाजूला करत. मोरीत कढत पाणी ओतायच्या आधी थांबत आणि "सरका रे बाप्पाहोन", बाबांनो बाजूला व्हा, असं म्हणत. कोणाला सांगत ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. सर म्हणायचे, "झुरळांना. आमच्या घरी झुरळांना नोटीस देण्याची पद्धत आहे." पण त्यांनी ती पद्धत कधी मोडली नाही.

अक्कांना मधुमेह होता. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलं. आमच्याच कंपनीचं. मीच आणून देत होतो. वीज सारखी जाई, म्हणून फ्रिजवर भरवसा नव्हता. सर बाटली डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत. रोज सकाळी ते काचेची सिरिंज उकळत, अक्कांच्या दंडावर टोचत आणि म्हणत, "झालं. आता माझ्या डोक्याला ताप द्यायला मोकळी."

सरांचा एक बाणा होता. खोटं बोलायचं नाही. प्राचार्यांनी तब्येत विचारली तर ते "तुम्हाला भेटेपर्यंत बरी होती" म्हणत. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणत, सर त्याला शास्त्र म्हणत. आणि शास्त्र शिकवताना त्यांना घरातलं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नसे. माझ्या घोरण्यावर त्यांनी श्वसनसंस्थेचा अख्खा धडा घेतला होता.

त्या सकाळी ओटीवर तो पुढारी आणि दोन-तीन मुलं बसली होती. मी पायरीवर बूट घालत होतो. सर रंगात आले होते. "या जंतूंच्या आधी इन्शुलिन कुठून यायचं? अजूनही कुठून येतं? कत्तलखान्यातून! गाईचं आणि डुकराचं स्वादुपिंड वाटून. लांब कशाला जाता, आमच्या अक्काला मी आत्ताच टोचून आलो, ते..."

अक्का चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या.

सरांचं वाक्य तिथेच थांबलं. पण ते थांबून उपयोग नव्हता.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "काय सांगी ऱ्हायना तू? गायनं शे ते?"

खोटं बोलायची याहून चांगली संधी देवाने कोणाला दिली नसेल. ओटीवरचं प्रत्येक पोरगं मनातल्या मनात सरांना "नाही म्हणा" सांगत होतं. सरांनी चष्मा काढला. अक्कांशी ते नेहमी अहिराणीच बोलत. "गायनं बी शे, अक्का. डुकरनं बी."

अक्कांनी कप खाली ठेवले. एकही सांडला नाही. आत जाऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच स्वयंपाकाला लागल्या. दुसऱ्या दिवशी सर सिरिंज उकळून गेले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माले नको आते."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. अक्का भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, सरांना बोलल्या नाहीत. मलाही नेहमीसारखंच "जेवना का रे, पोऱ्या?" विचारत राहिल्या. त्यामुळे माझी अवस्था आणखीच वाईट झाली. ती बाटली माझ्याच पिशवीतून त्या घरात गेली होती.

थोड्याच दिवसांत चपलेचा अंगठा लागून अक्कांच्या पायाला जखम झाली. आधी हरभऱ्याएवढी होती. मग पाय सुजला आणि जखम काळी पडायला लागली. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "साखर खाली आली नाही तर पाय काढावा लागेल. आणि या वयात पाय काढून थांबेल याचीही खात्री नाही. इन्शुलिन द्याच."

"ती घेत नाही."

"मग सांगू नका ना कशाचं आहे ते! सर, बाटली तीच ठेवा, नुसतं म्हणा की नवीन आलंय."

मीही तेच म्हणालो. तेव्हा जंतूंकडून बनवून घेतलेलं इन्शुलिन खरोखरच बाजारात येऊ लागलं होतं. आमच्या कंपनीचं नव्हे, दुसऱ्या कंपनीचं. धुळ्यात कोणी ठेवत नव्हतं, मुंबईत मिळत होतं. पुढच्या आठवड्यात माझी मुंबईला मीटिंग होती. "मी आणतोच, सर. तोवर चार-सहा दिवस जुनंच नवीन म्हणून द्या."

 सर उठले, माठाखालच्या वाळूतून डबा काढला, सिरिंज उकळली आणि अक्कांसमोर जाऊन बसले. मी दाराशी उभा होतो.

"अक्का," सर म्हणाले, "हाई नवं..."

पुढे काही येईना. कॉलेजात ज्यांचा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा, त्या माणसाला एक वाक्य पुरं करता येईना. ओठ हलले, पुन्हा मिटले.  अक्का त्यांच्याकडे, लहान पोराला शी लागली की आई बघते तशा, बघत होत्या.

"जाऊ दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुले जमत नही ते."

सर बाहेर आले आणि सगळा राग माझ्यावर काढला. "जगातला प्रत्येक दगड खोटं बोलतो. तू तर त्याचा पगार घेतोस! मला का शिकवलं नाहीस?"

मुंबईत मी आमच्या मीटिंगमध्ये दिवसभर आपलं इन्शुलिन कसं खपवावं ते ऐकलं आणि बाहेर पडून दुसऱ्या कंपनीचं विकत घेतलं. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर दोन नॅपकिन, त्यावर बाटल्या. "बर्फाला शिवू देऊ नकोस, गोठलं की कामातून गेलं," असं सरांनी बजावलं होतं. एसटीत शेजारच्या काकांनी थर्मास पाहून कप काढला. "काय, चहा आहे का?" मी "औषध आहे" म्हणालो. ते घोटी येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसले. चहा असूनही दिला नाही, असं त्यांना वाटलं असणार. मला अजून त्याचं वाईट वाटतं. चहा नव्हता, तरीही.

घरी पोचलो तेव्हा अक्का पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. जखमेचा वास खोलीत यायला लागला होता. सरांनी बाटली उजेडात धरली. इतकी वर्षं ते जिच्याबद्दल बोलत होते, ती वस्तू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. हिरव्या बांगडीतला लाल तुकडा. 

"अक्का, हाईमा गाय नही, डुकर नही. जंतू बनाडतस हाई." या वेळी वाक्य अडखळलं नाही. खरं होतं ना!

अक्कांनी बाटली हातात घेतली. "जंतू बनाडतस?"

"हां."

"मंग त्यास्ना पोटमाईन ते काढतस कसं?"

मला वाटलं, आता संपलं. सरांनी स्वतःच हे घर जंतूंच्या गुणगानाने भरून टाकलं होतं. जंतू म्हणजे जीव, तोही आपल्यासारखाच, हे अक्कांनी वर्षानुवर्षं ओटीवरून ऐकलं होतं. मी सरांच्या मागे उभं राहून मान हलवत होतो, की सर, नका, फक्त आजचा दिवस.

"फोडतस," सर म्हणाले.

"मंग त्या मरतस?"

"मरतस."

"कितला?"

"गिनती नही, अक्का."

अक्कांनी बाटली उशीजवळ ठेवून दिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.  सिरिंज उकळून उकळून पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं, मी जाऊन गॅस बंद केला.

"त्या जंतू कोठेन आनात?" अक्कांनी विचारलं.

"मानूसनी आतडीमाईन."

"म्हंजे मना पोटमा बी शेतस?"

"शेतस ना. कितला तरी."

"काय करतस तठे?"

"ऱ्हातस. खातस, पितस. तुले काही त्रास देत नहीत."

अक्कांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. पदर नीट केला. घरात पाहुणे आहेत आणि आपल्याला आजवर कोणी सांगितलंच नाही, असा चेहरा होता.

"आनि मी मरी गऊ तं? त्यास्नं काय?"

सर म्हणाले, "जाळतस ना आपन. त्या बी जळतीन."

"बठ्ठा? सगळाच?"

"बठ्ठा."

"आनि हाई आते सांगस तू माले?" अक्का कडाडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज चढला. "एवढा जीव संगे लई जाऊ का मी? आन ती सुई!"

सर उठले. सिरिंज भरायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. "तू बाहेर हो," ते मला म्हणाले, "उजेड अडवतोयस." मी उजेडाच्या बाजूला नव्हतोच. तरी "सॉरी" म्हणून बाहेर गेलो.

संध्याकाळी सर माझ्या खोलीवर आले. कधी येत नसत. तापलेल्या पत्र्याखाली खाटेवर बसले आणि टाळूवरून हात फिरवत म्हणाले, "तिचा युक्तिवाद चुकीचा आहे. कारखान्यात मरतात ते वेगळे, हिच्या पोटातले वेगळे. शिवाय हिच्या पोटातले रोजच मरतात आणि रोज जन्मतात. पहिल्या वर्षाच्या पोरानेही खोडून काढावा, इतका कच्चा युक्तिवाद आहे."

"मग सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"गप्प बस," सर म्हणाले. "सुई गेली ना आत."

मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. न बोलता खोटं बोलण्याची विद्या त्यांना पन्नाशी ओलांडल्यावर आली. आणि आमच्या धंद्यात ती तिसऱ्या दिवशी येते.

अक्कांच्या पायाचं एक बोट गेलं, पाय वाचला. पुढे त्या बरीच वर्षं जगल्या. जेवायला उशीर झाला की पोटावर थाप मारून सरांना ओरडत, "मनं जाऊ दे रे, त्या बिचारा भुक्या शेतस!" सर लगबगीने ताट वाढत. जंतुशास्त्राच्या दृष्टीने या वाक्याला काही अर्थ आहे का, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "वाढ तू वरण."

मी धुळं सोडलं, सर निवृत्त झाले, आधी अक्का आणि मग सर गेले. दोन्ही वेळा मी दौऱ्यावर होतो. निदान मी तसं सांगतो.

आता मलाही मधुमेह झाला आहे. त्याच जंतूंनी बनवलेलं इन्शुलिन रोज टोचून घेतो. औषधाच्या दुकानातलं पोरगं खोकल्याच्या गोळ्या टाकाव्यात तशी बाटली समोर टाकतं. ते कशाचं आहे, कोणीच विचारत नाही. सकाळी एकट्याने सुई हातात धरली, की माझा जुना कारखाना सुरू होतो. कोणासाठी जगायचं, कोणाच्या उपयोगी पडलो, अमक्याला का भेटलो नाही, तमक्याला चहा का दिला नाही. मग डाव्या हाताने पोटावर थोपटतो आणि म्हणतो, सरका रे बाप्पाहोन. एवढ्या कुटुंबाचा पोशिंदा मी, मला मरून कसं चालेल?